जमिनीबरोबर धावणारा करार

मला इंग्रजी येतं असा तिसगावात बोभाटा होता, आणि तो मीच केला होता. मिशनच्या शाळेत मी मास्तर. ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द मी तोवर कुणासमोर उच्चारले नव्हते. त्याची शिक्षा अजून भोगतो आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

सेहेचाळीसच्या माघात सहादेव एक इंग्रजी खरेदीखत घेऊन आला. मिशनचे म्हातारे साहेब मायदेशी परत गेले, तेव्हा त्यांची गावाबाहेरची जमीन विहिरीसकट त्याने घेतली होती.

“मास्तर, हिरीला फाटक करून कुलूप लावायचं हाय,” तो म्हणाला. “पानी लई खाली गेलंय, अन् समदी वस्ती तिथंच भरती. कागदात काय आडवं येतंय का, तेवढं बघा.”

मी ऐटीत चष्मा पुसला. शेवटच्या कलमात एक शब्द होता: कॉव्हेनंट. या विहिरीवर पाण्याला येईल त्या कुणालाही परत पाठवायचं नाही, असा कॉव्हेनंट. आणि खाली, हा कॉव्हेनंट जमिनीबरोबर धावेल.

शब्द माझ्या ओळखीचा निघाला, तिथेच घात झाला. इंग्रजी बायबलात तो जागोजागी येतो आणि आमच्या मराठी बायबलात तिथे ‘करार’ असतो. देवाने नोहाशी केला तो, अब्राहामाशी केला तो. साहेब भाविक माणूस. मला वाटलं, कागदाच्या शेवटी त्यांनी प्रार्थना लिहून ठेवली असेल. आणि जमिनीबरोबर धावतो म्हणे! आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

“हे देवाधर्माचं आहे,” मी ठोकून दिलं. “खुशाल लाव कुलूप.”

सहादेवाने खूश होऊन त्याच जमिनीचा माळाकडचा चार गुंठ्यांचा कोपरा माझ्या नावे करून दिला. चैत्रात तिथे माझं दोन खणांचं घर उभं राहिलं, गावातलं अगदी शेवटचं.

गावच्या विहिरीवर ज्यांना पोहरा सोडू देत नसत, त्यांना साहेबांची ही एकच विहीर होती. माझी आजीसुद्धा तिथेच भरायची. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी सोयीने विसरलो, आणि त्याची मला लाज वाटते.

वैशाखात वस्तीवरची चांगुणा भर दुपारी घागर घेऊन आली. फाटकाला कुलूप. तिने ‘पानी वाढा, पानी वाढा’ म्हणून हाका मारल्या. सहादेव विहिरीशेजारच्या आपल्या घरातच होता, पण उठला नाही. शेवटी ती माळ तुडवत पलीकडच्या ओढ्यातल्या झऱ्याकडे निघाली आणि वाटेतच पडली. संध्याकाळी सापडली तेव्हा घागर कोरडी होती.

आठवड्याने सहादेव माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

“मास्तर, ती येती. बाराच्या ठोक्याला फाटकाशी ‘पानी वाढा’ म्हनती. दिसत न्हाई, पर तिची चुंबळ कडीला लटकलेली असती. तीच, हिरव्या काठाची, घागरीखाली डोक्यावर ठेवायची ती. दोनदा चुलीत घातली. दुसऱ्या दिशी हाय तिथंच!”

त्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने फाटक उपटलं. हाका थांबल्या, चुंबळही दिसेनाशी झाली. सहादेव म्हणाला, सुटलो. मला मात्र तो शब्द टोचत राहिला. कलम उतरवून घेतलं आणि मोटारीने नगरला जाऊन एका वकिलांना दाखवलं.

ते हसले नाहीत. “मास्तर, कॉव्हेनंट म्हणजे अट. घेणाऱ्याने कबूल करून स्वतःला बांधून घेतलेली. आणि जमिनीबरोबर धावते म्हणजे जमीन ज्याच्याकडे जाईल त्याच्या मागे ती जाते. विका, बक्षीस द्या, तुकडे पाडा.”

“तुकड्यामागेसुद्धा?”

“तुकड्यामागेसुद्धा.”

दिवस मावळताना घरी पोचलो. बायको, रोझी, ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“दुपारी कुणी बाई आली होती,” ती म्हणाली. “पाणी वाढा म्हणत होती. भिंतीआड असावी, दिसली नाही. रांजण तळाला गेलेला, म्हणून आतूनच सांगितलं, बाई, पुढच्या घरी जा.”

आमच्या पुढे घर नव्हतं. पुढे तो माळच होता.

मी दाराकडे पाहिलं. कडीला हिरव्या काठाची चुंबळ लटकत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरून घागर भरून आणली आणि दारात उभा राहिलो. सावली पायाखाली आली तशी हाताच्या अंतरावरून हाक आली, “पानी वाढा, मास्तर.”

“चुकलो गं, चांगुणा,” मी म्हणालो. तिच्या ओंजळीच्या अंदाजाने तांब्या कलता केला. धार पडत होती, पण खालची माती ओली होत नव्हती. तांब्यामागून तांब्या ओतत अख्खी घागर संपवली. माती कोरडीच.

“येते, मास्तर,” ती म्हणाली.

निरोप घेताना आपण सगळेच तसं म्हणतो. चांगुणा खरंच येते, रोज.