शंख आणि जुळे भाऊ

अमेरिकेतल्या चँडलर शहरातल्या एका मराठी घरात रविवारी दुपारी चाळीस माणसं श्वास रोखून बसली होती. निमिषच्या बोटाला नाडीचे ठोके मोजणारा चिमटा लावला होता आणि त्याला उठून पळून जावंसं वाटत होतं. त्याचा जुळा भाऊ केदार आतल्या खोलीत होता. अमेरिकन सैन्यातून अफगाणिस्तानात लढून आल्यापासून केदार नुसतं दार आपटलं तरी घामाघूम व्हायचा.

भूत उतरवायला बोलावलेल्या सुमंत गुरुजींनी आत केदारच्या कानाशी शंख फुंकला. इकडे निमिषचे ठोके ७४ वरून ११० वर गेले.

"पाहिलंत? रणांगणावरचं भूत केदारमधून ह्याच्यात उडी मारतंय," गुरुजी बाहेर येत म्हणाले. "केदारच्या डॉक्टरच्या गोळ्या बंद, मंगळवारची थेरपी कॅन्सल. नाहीतर दुसराही मुलगा गेला समजा."

आईने, प्रतिमाताईंनी, गोळ्यांची बाटली तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकली. दोघांचं रक्त एक; आज ना उद्या आपलंही असंच होणार, ही भीती निमिषला भाऊ परतल्यापासून पोखरत होती.

शेजारची राधिका उठली. एक भाऊ युद्धावर गेलेला, दुसरा घरी राहिलेला, अशा जुळ्यांवर युनिव्हर्सिटीत संशोधन चालायचं, तिथे ती काम करायची. हे दोघेही तिच्या लॅबमध्ये जाऊन, एकामागून एक मोठे आवाज ऐकवून ठोके मोजण्याची चाचणी देऊन आले होते.

"गुरुजी, परत एकदा करू या. केदार, तू मात्र कार घेऊन एक चक्कर मारून ये."

केदार बाहेर येऊन कारने गेला. रिकाम्या खोलीत शंख वाजला. निमिषचे ठोके १०८.

"भूत तर कारमधून गेलं," राधिका म्हणाली. तिने चिमटा प्रतिमाताईंच्या बोटाला लावला. शंख वाजला. ११६. मग तो गुरुजींच्या बोटाला लावून तिने त्यांच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं. गुरुजींचा आकडा सगळ्यांच्या वर गेला. लोक हसायला लागले तसा त्यांनी शंख पिशवीत भरला.

निमिषला हसू येईना. "पण आम्ही सेम आहोत. माझ्यातही ते असेलच ना?"

"लॅबमधले आवाज आठव."

"पहिल्या दोनतीनला दचकलो. मग जांभया यायला लागल्या."

केदार परत येऊन दारात उभा होता. "माझं हार्ट लास्ट बीपपर्यंत धडधडत होतं," तो म्हणाला.

"जन्म एक, घर एक, शाळा एक. फरक फक्त युद्धाचा," राधिका म्हणाली. "म्हणून तर आम्ही जुळ्यांना बोलावतो. अनेक जोड्यांत हेच दिसलंय. हे दचकणं तू जन्मताना आणलं नाहीस, केदार, ते तुला तिथे मिळालं. जखम आहे ती. तिच्यावर उपचार होतात."

प्रतिमाताईंनी डब्यातून बाटली काढली, पुसली आणि केदारच्या हातात दिली.

"तिथे काय झालं, हे मी तुला कधी विचारलंच नाही. भीती वाटायची रे."

"मंगळवारी विचार, आई. डॉक्टरसमोर."

"येईन मी तुझ्याबरोबर."

कानाशी शंख वाजला की कुणाच्याही छातीत धस्स होतं. त्यात कुणी भूत दाखवलं, तर भूत लागलेल्या माणसाला बाजूला करून पुन्हा वाजवून दाखवा, एवढंच म्हणावं. आणि ज्याची धडधड थांबतच नाही, त्याला घाबरून दूर बसू नये. जवळ जावं, आणि काय झालं ते विचारावं.