आर्गिरोच्या सुरीखालचा काटा

मी काटा बोलतोय. दचकू नका, हात लावल्याशिवाय मी कुणाला टोचत नाही. गावात मला अस्कोलिंब्रोस म्हणतात. क्रीट बेटावर, मेसाराच्या सपाटीला, ऑलिव्हच्या बागेच्या बांधाशी माझा जन्म झाला. मला कुणी पेरलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. वाऱ्याने एक बी आणून टाकलं, पहिल्या पावसाने ते मातीत दडपलं, झालं माझं बारसं.

तुमच्याकडची करडई माझी लांबची भाऊबंद लागते. तिला तुम्ही शेतात पेरता, तिचं तेल गाळता, कोवळी असली की भाजी करून खाता. मला हेवा वाटत नाही. माझंही काही कमी झालं नाही.

हिवाळ्यात मी जमिनीला चिकटून पसरतो. पानं हिरवी, त्यांच्या शिरा पांढऱ्या, कडेला सुयांची रांग. खाली मात्र मी सरळ आणि शहाणा आहे. हातभर खोल जाणारं एकच मूळ, आत दूध, आणि मधोमध लाकडासारखी काडी. ती काडी ओढून काढली की उरतं ते लोण्यासारखं शिजतं. कोकराच्या मटणात मला घालतात, वर अंडं आणि लिंबू फेटून ओततात. उपासाच्या दिवसांत नुसतं तेल आणि लिंबू. मूतखड्यावर माझा काढा देतात म्हणे. काही लबाड व्यापारी माझ्या पाकळ्या केशरात मिसळतात असंही ऐकलंय. केशराची बदनामी झाली असेल, मला तर बढतीच मिळाली.

आता मुद्द्याचं. मला दरवर्षी कापतात आणि तरी मी आहे, ते आर्गिरोमुळे.

आर्गिरो या बागेची मालकीण. सत्तरीची, काळ्या कपड्यांतली, हाडापेराने मजबूत. उपटून न्यायची घाई असणारे पुष्कळ येतात, ते खुरप्याने मला मुळासकट खणतात आणि खड्डा तसाच टाकून जातात. आर्गिरो बुटाने माझी पानं दाबायची, सुरी तिरकी आत घालायची, वीतभर मूळ घ्यायची आणि बाकीचं खाली ठेवायची. मग टाचेने माती परत दाबायची. त्या उरलेल्या तुकड्यातून मी थोड्याच दिवसांत पुन्हा उगवायचो. दहा-बारा वेळा तिने मला कापलं असेल. ती सांगायची की महायुद्धात जर्मन सैन्य आलं त्या वर्षी गावात पीठ उरलं नव्हतं, तेव्हा तिची आई तिला या बांधावर घेऊन यायची. थोडं मूळ खाली ठेवायचं, हे ती तिथे शिकली. भुकेल्या माणसानेसुद्धा पुढच्या वर्षाचा विचार केला, याचं मला अजून नवल वाटतं.

तिचा मुलगा खारीदिमोस. त्याने चार वर्षांपूर्वी पिरेयस बंदरातली मुलगी केली, इस्मिनी. बोटं नाजूक, कपाळावर सतत आठी. पहिल्या वर्षी हातमोजे घालून आली, तेव्हा शेजारीण पोलिक्सेनी इतकी हसली की शेळ्या बिथरल्या. पोलिक्सेनीची जीभ माझ्या पानांपेक्षा बरी नाही.

“शहरात भाजी काटे काढून मिळते वाटतं?” ती म्हणाली.

“मिळते,” इस्मिनी म्हणाली. “आणि शेजारणी न हसता विकतात.”

आर्गिरो हसली नाही, पण रागावलीही नाही. तिने सुनेला एकच नियम घोकून घेतला. काढलेल्या प्रत्येक झाडाचं पान मोडून बघायचं. पांढरं पातळ दूध आलं तर आपला. चिकट डिंक आला आणि मुळाला गोडसर वास असला, तर हात धुवायचे. कारण माझ्यासारखाच एक काटा इथे उगवतो, जमिनीला तसाच चिकटलेला, आणि त्याचं मूळ विष असतं. त्यातून उठलेली माणसं कमी. इस्मिनी बिचारी एकेक पान मोडून, डोळ्यांजवळ धरून, मगच टोपलीत टाकायची. आर्गिरोच्या दोन टोपल्या भरायच्या तेव्हा हिची एक अर्धी.

गेल्या दोन हिवाळ्यांत मला मात्र एक गोष्ट कळली होती. आर्गिरो आता मला बघून यायची नाही, पायाने चाचपून यायची. बूट पुढे सरकवायची, काटा बुटात रुतला की थांबायची. तिच्या डोळ्यांत धुकं बसलं होतं. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं तर सुरी जाईल, सणाचं भांडं दुसऱ्याच्या हातात जाईल, आणि मग आपण खुर्चीवर बसवलेली म्हातारी होऊ, हे तिचं भय. पान मोडून बघणं तिने सोडलं होतं. बघायचं कशाने? मी तोंड उघडू शकलो असतो तर सांगितलं असतं. सगळं कळायचं आणि गप्प बसायचं, हा आम्हा झाडांचा जुना रोग आहे.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी तिघी आल्या. दुसऱ्या दिवशी वीस माणसं जेवायला होती, नातवंडांसकट. उन्हं वर आली तशा त्या खरनुबाच्या, म्हणजे गोड शेंगांच्या झाडाखाली, माझ्यापासून दहा पावलांवर, साफ करायला बसल्या. काटे घरी न्यायचे नाहीत म्हणून साफसफाई इथेच होते. आर्गिरोने आपली भरलेली टोपली सुनेसमोर, तिच्या टोपलीशेजारी ठेवली. पानं ओरबाडायची, मूळ सोलायचं, काडी ओढायची.

इस्मिनीने सासूच्या टोपलीतलं सातवं-आठवं मूळ उचललं आणि तिचे हात थांबले. बोटं चिकटली होती. तिने वास घेतला, पुन्हा घेतला. तिचा चेहरा पांढरा पडलेला मला इथून दिसला.

तिने सासूकडे बघितलं. मग पोलिक्सेनीकडे बघितलं, कारण उद्या देवळात हीच बाई सगळ्या गावाला सांगणार होती. आणि मग ती हळू आवाजात म्हणाली, “आई, माझी चूक झाली. मी एक भलतंच मूळ काढलं.”

पोलिक्सेनीचा हात हवेतच राहिला. “अगं बाई, बघितलं नाहीस का? पोरं खाणार आहेत ते.”

“नाही बघितलं,” इस्मिनी म्हणाली. मान खाली होती. चार वर्षांत जिने पान मोडून बघितल्याशिवाय एकही मूळ टोपलीत टाकलं नव्हतं, तिने हे म्हटलं.

“आण इकडे,” आर्गिरो म्हणाली.

तिने ते मूळ हातात घेतलं. नाकाशी नेलं. मग अंगठा कापावरून फिरवला, एकदा या कडेने, एकदा त्या कडेने. मला वाटलं ही आता ते फेकून देईल, सुनेवर एक शब्द टाकेल आणि गोष्ट मिटेल. सोपं होतं. सूनच स्वतः मान पुढे करून बसली होती.

“हा काप तिरका आहे,” आर्गिरो म्हणाली. “असा काप तुला सात जन्मांत जमणार नाही, सूनबाई. हे मी काढलंय.”

“आई...”

“मला दिसत नाही.” तिने हे पोलिक्सेनीकडे तोंड करून सांगितलं, चांगलं मोठ्याने. “दोन वर्षं झाली. तुझं तोंड मला पिठाच्या गोळ्यासारखं दिसतं, पोलिक्सेनी. तसं माझं फारसं नुकसान नाही त्यात. पण आज मी माझ्या नातवंडांना विष घातलं असतं.”

आणि तिने आपली टोपली उचलली आणि सगळी उलटी केली. त्यात तसली आणखी दोन निघाली. चांगलीही पुष्कळ होती, माझे कितीतरी भाऊ होते, पण तिने एकही परत घेऊ दिला नाही. डिंक लागलेल्या टोपलीतलं काही भांड्यात जाणार नाही म्हणाली. मग ती रडली. इस्मिनी तिला धरून बसली. थोड्या वेळाने पोलिक्सेनीने आपल्या टोपलीतली निम्मी मुळं इस्मिनीच्या टोपलीत टाकली आणि म्हणाली की माझ्या घरी यंदा कोण एवढं खाणारं आहे. घरी सात जण होते.

तरी वीस माणसांना पुरेना. तेव्हा दोघी सासू-सुना उठून बांधाकडे आल्या. इस्मिनीने माझं पान मोडलं, दूध बघितलं आणि म्हणाली, “हा आपला.” आर्गिरो गुडघ्यावर बसली, सुरी तिरकी आत घातली. बघायचं सुनेनं, कापायचं सासूनं. वीतभर गेलं, बाकीचं खाली राहिलं. इतकी वर्षं कापला गेलो, पण त्या दिवशी मला दुखलं नाही. मी मनापासून दिलं.

माझ्या फुलांचं मी अजून बोललोच नाही. बोलण्यासारखं नसतंही. उरलेल्या मुळातून फुटून जुलैत मी कमरेएवढा वाढतो, दांड्यालाही काटे फुटतात, आणि सगळ्या अंगभर पिवळी फुलं येतात. तोवर मी चिवट झालेला असतो, खायच्या कामाचा नसतो. गवत करपलेलं, शेळ्या सावलीला. मधमाश्या सोडल्या तर माझ्याकडे कुणी फिरकत नाही.

त्या जुलैत आर्गिरो आली. जूनमध्ये खारीदिमोसने तिला हेराक्लिओनला नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं होतं. काळा चष्मा होता, इस्मिनीने कोपर धरलं होतं. माझ्यासमोर येऊन तिने चष्मा काढला. सून नको नको म्हणत होती.

“हा एवढा पिवळा असतो?” आर्गिरो म्हणाली.

“दरवर्षी असतो, आई.”

“मग मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“तुम्ही उन्हाळ्यात इकडे आलात कधी?”

आर्गिरो उभी राहिली, भर उन्हात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिच्या हातात सुरी नव्हती, टोपली नव्हती. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे काही न्यायला आली नाही अशी ती पहिलीच वेळ. मी तिच्यामुळे जगलो, हे मला ठाऊक होतं. फुललेला मी कसा दिसतो हे मात्र तिला त्या दिवशीच कळलं.

बाई, तुझे उपकार मी कसे फेडू, माझ्याकडे नुसते काटे आहेत. पावसानंतर ये. सुरी घेऊन ये.