चोवीस इंची चाकं आणि आक्कांचा उपवास

घरात नवी वस्तू आली की घरातलंच एखादं माणूस मुकाट्याने मागे सरकतं, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येतं? मोठा टीव्ही आला की आजोबांची खुर्ची कोपऱ्यात जाते. गुळगुळीत फरशी बसवली की आजी भिंत धरून चालायला लागते. आपण वस्तू पुसत बसतो, माणसाकडे बघायचं राहून जातं. निपाणीत तर एका गाडीच्या चाकांपायी एका माउलीला दोन दिवस घास मिळाला नव्हता, आणि सगळं गाव तिचं कौतुक करत होतं. कसं ते ऐका.

वृषभ हा तंबाखूचा व्यापारी. माणूस वाईट अजिबात नाही. हायवेच्या बाजूला नवा बंगला बांधला, परदेशी बनावटीची काळी, भली मोठी गाडी घेतली, आणि दारात जागा हवी म्हणून जुनी छोटी गाडी विकून टाकली. पुढे कोल्हापुरात एका लग्नाला गेला आणि तिथे त्याने तशीच दुसरी गाडी पाहिली, पण हिच्याहून थोरल्या चाकांची. तेव्हापासून आपली गाडी त्याला चपला घालून आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी दिसायला लागली. जैनांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वाच्या आदल्या दिवशी त्याने चोवीस इंची चाकं बसवून आणली. बसवणारा म्हणाला, गाडी थोडी वर उचलू. वृषभ म्हणाला, उचला. तो म्हणाला, चढायची पायरी काढून टाकू, चाकं उठून दिसतील. वृषभ म्हणाला, काढा.

चाकं वीतभर बाहेर आली होती. बाजारातल्या पहिल्याच डबक्यात गाडी गेली आणि रस्त्याच्या कडेने कारखान्याकडे निघालेल्या तिघी विडी-कामगार बायकांची लुगडी चिखलाने माखली. काच वर होती, वृषभला कळलंही नाही. ड्रायव्हर मष्णूने आरशात पाहिलं, पण मालक इतका खुशीत होता की सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

वृषभची आई त्रिशला. वय त्र्याहत्तर. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासात आक्कांनी नियम घेतला होता: बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन भगवंताचं दर्शन झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. पन्नास वर्षं तो नियम मोडला नव्हता. बंगल्यापासून बस्ती अडीच किलोमीटर. गुडघे गेलेले. छोटी गाडी होती तोवर मष्णू रोज न्यायचा, आणायचा. ती गेल्यावर आक्का एकदा रिक्षाने गेल्या, तर वृषभ दिवसभर धुसफुसत होता. दारात एवढी गाडी असताना आई रिक्षातून गेली, तर बाजारात माझी काय पत राहील, असं त्याचं म्हणणं. रिक्षा बंद झाली. पायरी होती तोवर आक्का कशाबशा गाडीत चढत होत्या.

पर्वाचा पहिला दिवस उजाडला. नव्या चाकांवरची गाडी दारात उभी राहिली आणि तिचं दार आक्कांच्या कमरेला आलं. सून प्रियाने मागून आधार दिला, मष्णूने वरून हात ओढला, पदर सुटला, चष्मा घसरला, समोरच्या गच्चीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. उतरताना तर कहरच झाला. बस्तीच्या दारात, सगळ्या समाजासमोर मष्णूने आक्कांना तंबाखूचं पोतं उतरवावं तसं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं. लोक हसले. आक्काही हसल्या. पण घरी परतल्यावर त्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘‘आज मी घरीच जप करते. मला जेवण नको.’’

पर्वात उपवास करणारी माणसं घरोघर असतात. वृषभला आनंद झाला. दहा दिवसांचे उपवास धरलेस का, असं त्याने विचारलं. आक्कांचा जप चालू होता. त्यांनी मान कशीतरी हलवली. वृषभने ती मान आपल्याला हवी तशी वाचली, आणि संध्याकाळच्या आत नाक्यावर फ्लेक्स लागला. एका बाजूला आक्कांचा फोटो, दुसऱ्या बाजूला गाडीचा, मध्ये दहा उपवासांबद्दल अभिनंदन. पारण्याच्या दिवशी याच गाडीतून आक्कांची मिरवणूक काढायची, हेही ठरून गेलं. अभिनंदनाचे फोन घेऊन घेऊन वृषभचा कान लाल झाला.

तिकडे आक्का गरम पाण्यावर होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना त्यांनी भिंत धरली, आणि ते प्रियाने पाहिलं. नवऱ्याला सांगून उपयोग नाही हे ओळखून तिने धरणेंद्र आप्पांना फोन लावला.

धरणेंद्र आप्पा म्हणजे निवृत्त मास्तर. वृषभला बाराखडी त्यांनीच शिकवलेली. पर्वात रोज दुपारी बस्तीत त्यांचं कीर्तन असतं. काय सांगावी ती गोडी! मराठीत कथा रंगवतात, मध्येच एखादा कानडी चरण असा सोडतात की खांबाला टेकलेला माणूसही सरसावून बसतो. आक्का त्यांचं ध्रुपद सगळ्यांच्या आधी उचलायच्या. दोन दिवस तो आवाज आला नव्हता, म्हणून आप्पांनाही चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं.

आप्पा फाटकातून आत आले तर वृषभ गाडीशीच उभा. ‘‘आप्पा, आलासा? बरं झालं. चला, बस्तीत सोडतो. नवी चाकं बघा तरी.’’

आप्पांनी चाकं बघितली. मग धोतर सावरलं आणि चढायला गेले. एक पाय वर टाकला तर गुडघा छातीला लागला. दुसरा पाय जमीन सोडेना. दाराला लोंबकळत ते म्हणाले, ‘‘वृषभा, शिडी हाय का रं घरात?’’

मष्णूने तोंड फिरवून हसू दाबलं. वृषभ त्यांना उचलायला पुढे झाला, पण आप्पा हात सोडवून खाली उभे राहिले. त्यांचा चेहरा बदलला होता.

‘‘आक्का कशी चढते हेच्यात?’’

‘‘आम्ही चढवतो की.’’

‘‘शेवटची कधी चढली?’’

‘‘परवा.’’

‘‘आणि उपवास कधीपासनं?’’

‘‘कालपासनं,’’ वृषभ म्हणाला, आणि स्वतःचंच उत्तर ऐकून गाडीच्या उंच दाराकडे बघायला लागला.

आप्पा त्याला घेऊन आत गेले. आक्का चटईवर माळ घेऊन बसल्या होत्या. आप्पा समोर टेकले. ‘‘आक्का, आज पर्वातला आर्जवाचा दिवस. मन सरळ, जीभ सरळ. म्हणून विचारतो. संकल्प करून उपवास धरलाय, का दर्शन झालं न्हाय म्हणून जेवली न्हाईस?’’

आक्कांनी माळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, ‘‘दर्शन न्हाय तर घास न्हाय, एवढंच हो आप्पा. भूक लई लागल्या. पण पोरानं गावभर सांगून टाकलंय. आता मी जेवले तर हेचं तोंड कुठं राहतंय?’’

‘‘आई, मला का न्हाय सांगितलंस गं?’’

‘‘तू विचारलंस कुठं बाळा? चाकं कशी दिसत्यात ते विचारलंस. मी छान म्हटलं. दिसायला छानच हाईत.’’

वृषभ खाली बसला. आप्पांचा आवाज चढला नाही, वर्गात गणित समजावताना असायचा तसाच राहिला. ‘‘आपल्या बस्तीच्या पायऱ्या बघितल्यास कधी? अडीच-तीन बोटं उंची. बांधणाऱ्याला मोठ्या करता आल्या असत्या, दगडाला काय तोटा हुता? पण त्यानं म्हातारं माणूस डोळ्यांपुढं धरलं. काठी टेकत येणाऱ्यालाही देवापर्यंत जाता येतंय. आणि तू अशी गाडी केलीस की जिनं तुला कडेवर घेतलं तिला हमालासारखं उचलून टाकावं लागतंय. गाडी कुणासाठी घेतलीस रं? आत बसणाऱ्यांसाठी, का रस्त्यावरनं बघणाऱ्यांसाठी?’’

दारात उभ्या मष्णूला आता राहवलं नाही. त्याने डबक्याची, त्या तिघी बायकांची गोष्टही सांगून टाकली.

वृषभ उठला. फाटकाबाहेर गेला आणि भर रस्त्यात हात करून त्याने रिक्षा थांबवली. आक्का स्वतःच्या पायाने चढल्या, आप्पा शेजारी बसले, आणि वृषभ रिक्षावाल्याजवळ अर्ध्या सीटवर. नाक्यावरून जाताना ओळखीचे लोक बघत होते. त्याने मान खाली घातली नाही.

आक्कांना दर्शन झालं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती शांती शब्दांत कुठून आणू! आधी जेवून घे असं सगळे म्हणत होते, पण कीर्तन ऐकूनच जेवणार म्हणून त्या हटून बसल्या. आप्पांनी ध्रुपद घेतलं, ते सगळ्यांच्या आधी आक्कांनी उचललं, आवाज बारीक होता तरी. कीर्तन संपलं, आणि आरतीआधी वृषभ उभा राहिला.

‘‘आईनं दहा उपवास धरलेले न्हाईत,’’ तो म्हणाला. ‘‘गाडीत चढता येईना म्हणून ती दर्शनाला आली न्हाय, आणि दर्शन न्हाय म्हणून जेवली न्हाय. तो फ्लेक्स माझ्या मोठेपणाचा हुता. मला क्षमा करा.’’

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, मग मिरवणुकीचं काय?

‘‘मिरवणूक राहू दे,’’ आक्का म्हणाल्या, ‘‘आधी मला वाढा.’’

सगळी बस्ती हसली. परवाचं हसू वेगळं, हे वेगळं. या हसण्यात आक्का सगळ्यांच्या मधोमध होत्या. पंगत बसली. मुगाची आमटी, भात आणि वर तूप, वाढायला खुद्द वृषभ. आक्कांनी दोनदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदा वृषभच वाढायला लागला तेव्हा म्हणाल्या, ‘‘पुरे की रं, दोन दिवसांचं एकदम घालतोस व्हय?’’

त्या संध्याकाळी फ्लेक्स उतरला. पर्व संपायच्या आत कंपनीची मूळ चाकं परत चढली, पायरी बसली. त्या तिघी बायकांचा पत्ता मष्णूला ठाऊक होता. वृषभ त्यांच्या दारी जाऊन हात जोडून आला. त्यातली एक म्हणाली, चिखल कधीच धुऊन निघाला, पण असं सांगायला येणारा पहिलाच बघितला.

बंधुभगिनींनो, देवाने दिलं असेल तर जरूर गाडी घ्या, मोठी घ्या, आनंदाने फिरा. वैभव हे पाप नव्हे. पण वस्तू घरात आणली की ती रस्त्याला दाखवायच्या आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला दाखवा. छान दिसते का असं त्यांना विचारू नका, ते हो म्हणतील. आपल्या लेकरांना ते नेहमीच हो म्हणतात. तुला चढता येतं का, एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभे राहा.