काडीसुद्धा नको!

उद्या लेकीच्या घटस्फोटाच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या, आणि त्याआधी जावयाकडून आलेली एकूण एक वस्तू परत धाडायचीच, असा आप्पांनी चंग बांधला होता. सकाळपासून दारात टेम्पो उभा होता.

"त्यांची काडीसुद्धा या घरात नको!" आप्पा ओरडले.

गल्लीत त्यांना सगळे कुलूपवाले म्हणून ओळखत. उभा जन्म लोकांची कुलपं दुरुस्त केली, पण कुणाचं उसनं म्हणून ठेवलं नाही. आता मंडळी, स्वाभिमान हवाच, त्यावर कोण काय बोलणार? पण तो एकदा डोक्यात शिरला की पायाखाली कोण चिरडतंय ते दिसत नाही.

लेक मुकाट्याने सामान बांधत होती. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या लॉन्ड्रीत राबली होती. नुसतं बघून डाग चहाचा की गंजाचा, हे ती सांगायची. गिऱ्हाइकं यायची ती तिच्यासाठी. पाटीवर नाव मात्र नवऱ्याचं, दुकान त्याचं, बँकेतलं खातंही त्याचंच. वकीलबाईंनी परोपरीने समजावलं होतं, "तुमचे कष्ट आहेत त्यात, मागा. आणि मुलीच्या खर्चाचं तर लिहून घ्याच." पण आप्पांनी लेकीला बोलूच दिलं नव्हतं. 'आमची काही मागणी नाही' असं त्यांनी परस्पर लिहायला सांगितलं होतं.

पहिल्या खेपेला कपाट आणि गाद्या गेल्या. टेम्पो परतला, तेव्हा ड्रायव्हरशेजारून विहीणबाई उतरल्या. इकडे नातीचा, म्हणजे भिंगरीचा, छोटा पलंग उचलला जात होता. तो तिच्या बापाने आणलेला, म्हणून तोही निघाला होता.

"व्याही, पोरीचा पलंगसुद्धा? अहो, ती झोपणार कशावर?"

"माझ्या घरात जमीन आहे. विहीणबाई, तुम्ही यात पडू नका."

"पडणार! माझा मुलगा चुकला, त्याची वकिली करायला मी आलेली नाही. पण तुमच्या या हट्टाने सगळ्यात खूश कोण आहे, ठाऊक आहे? तोच! सुंठीवाचून खोकला गेला म्हणतो."

आप्पा चपापले, पण माघार घेणारा गडी नव्हे. "नातीला पोसायची धमक आहे माझ्यात. भीक नको आम्हाला."

"धमक असेल हो, पण आपली लाकडं गेली स्मशानात! आपण गेल्यावर काय? पोटगी म्हणजे भीक नाही, व्याही. बापाने लेकराला वाढवायचं, यात उपकार कसले? ते त्या पोरीच्या हक्काचं आहे. तिच्या ताटातलं काढून तुमचा मान राखायचा, हा कुठला न्याय?"

"मला त्या घरचं काही म्हणजे काहीच नको!"

तेवढ्यात आतून भिंगरी आली. पायात बूट, पाठीवर दप्तर. दप्तरात पुस्तकांऐवजी फ्रॉक कोंबलेले. एरवी घरभर गरगरणारी ही पोर उंबऱ्याशी अगदी शहाण्यासारखी उभी राहिली.

"आजोबा, मी ड्रायव्हरकाकांजवळ बसू की मागे सामानात?"

"कुठे निघालीस गं तू?"

"परत. मीपण तिकडचीच आहे ना?"

अरेरे! हमालांनी पलंग आपणहून खाली ठेवला. लेकीने धावत जाऊन पोरीला पोटाशी धरलं आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं. आप्पा पायरीवर बसले. लाजेने त्यांना मान वर करवेना.

मग ते लेकीला म्हणाले, "पोरी, तुला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही."

"मला संसार हवा होता, आप्पा. तो मोडला. निदान हिचं तरी काही मोडू नका."

त्याच दुपारी आप्पा वकीलबाईंकडे गेले आणि 'मागणी नाही' हे वाक्य खोडायला लावलं. भिंगरीच्या शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा खर्च बापाने द्यायचा, आणि लॉन्ड्रीतल्या कष्टांचा वाटा लेकीने मागायचा, असं ठरलं. वाटा मिळेल की नाही, वकीलबाईंनाही सांगता येईना. जावई हात आखडणार, तारखा पडत राहणार, हे उघडच होतं. त्या घरात तेव्हा कुणाला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मोडलेल्या संसारात जिंकायला उरतं तरी काय!

बंधुभगिनींनो, नवरा-बायको वेगळे होतात. कधी कधी व्हावंही लागतं. पण आईबाप लेकरापासून वेगळे होत नाहीत, आणि लेकराचा हक्क सोडून द्यायचा अधिकार कुणालाच नसतो, आपल्या मानापमानाला तर नाहीच. कागदावर सही करण्याआधी एकदा त्या लेकराकडे बघा. आपल्या भांडणाचं बिल त्याच्या नावावर फाडू नका!