तिसरी आणि चौथीच्या मधले कपाट

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे. कपाटाला कसली आली आहे कहाणी, असे तुम्ही म्हणाल. दार उघडायचे, वस्तू ठेवायची, दार लावायचे, संपले. पण मी नुसते कपाट नाही. गेली काही वर्षे मी एका शाळेत भिंतीची नोकरीही करत आहे.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमधला. पत्रा कापला, वाकवला, ठिणग्या उडाल्या आणि अंगावर करडा रंग चढला. तिथून मी चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये गेले. हातमोजे, नटबोल्ट, ऑइलचे डबे, सगळे माझ्या पोटात. तिथे माझा थाट होता. शिफ्ट सुरू झाली की पहिला हात मलाच लागायचा. मग कंपनीत नवी चकचकीत कपाटे आली आणि मला टेम्पोत घालून जवळच्या गावातल्या सरकारी शाळेला भेट म्हणून दिले. फोटो निघाले, हार घातले गेले. अर्थात हार साहेबांना, मला कुठला गळा!

शाळेत खोल्या दोन आणि वर्ग चार. एका खोलीत पहिली-दुसरी बसे. दुसऱ्या खोलीत तिथल्या शिक्षिका तनुजाबाईंनी मला मधोमध उभे केले. माझ्या दारांसमोर तिसरी बसली, पाठीमागे चौथी. चौथीला फळा नव्हता, म्हणून बाईंनी पदरच्या पैशाने काळा रंग आणला आणि माझी पाठ रंगवून काढली. ब्रश फिरवताना त्या गुणगुणत होत्या. त्या वेळी त्यांच्या अंगात उत्साह मावत नव्हता.

मग पहिली-दुसरी सांभाळणारे मोठे गुरुजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आज येतील, उद्या येतील म्हणता म्हणता कोणीच आले नाही आणि चारही वर्ग बाईंच्या गळ्यात पडले. सकाळी प्रार्थना झाली की मोबाइलवर हजेरी, मग खिचडीचे तांदूळ मोजून द्यायचे, मग कुठली तरी माहिती आजच्या आज भरायची. तेवढ्यात मतदार यादीचे काम, घरोघरचे सर्वेक्षण, तालुक्याची बैठक. बाई या खोलीतून त्या खोलीत नुसत्या पळत असत. शिकवायचे मधल्या वेळात.

गावातली जुन्या घरची मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात. आमच्याकडे येत ती चाळीतली, बाहेरगावाहून कामाला आलेल्यांची मुले. त्यांतली एक दिव्या, तिसरीतली. आईबाप परभणीकडचे. बाप ठेकेदाराकडे माल चढवायला, आई अंबुबाई पॅकिंगला. धाकटा भाऊ प्रीतम पहिलीत. त्याचे नाक पुसणे, चप्पल शोधणे, त्याला हाताला धरून आणणे, सगळे दिव्याच्या माथी.

बाई पहिली-दुसरीच्या खोलीत असल्या की आमच्याकडे एक पद्धत होती. चौथीतला संघर्ष नावाचा मुलगा हुशार. तो माझ्या दारांच्या बाजूला येऊन तिसरीचे पुस्तक मोठ्याने वाची आणि तिसरीची मुले त्याच्यामागून एका सुरात म्हणत. लांबून ऐकले तर वाटावे, काय छान अभ्यास चालला आहे! दिव्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पण शाळा सुटल्यावर ती एकटी माझ्यापाशी येई. बाईंनी माझ्या दारावर शब्दांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्यांवर बोट फिरवत ती पुस्तकातले धडे म्हणे, आणि तिचे बोट उजवीकडून डावीकडे जाई. मित्रांनो, त्या पोरीला एक अक्षर वाचता येत नव्हते. सगळे पुस्तक तिने कानाने पाठ केले होते. हे फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नाही.

एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी दिव्याला उठवले आणि पुस्तक हातात दिले. तिने चित्र पाहिले आणि धडाधड धडा म्हटला, कुठे थांबायचे, कुठे आवाज चढवायचा, सगळे बरोबर.

"वा! एकट्या बाईंच्या शाळेत असं वाचन? टाळ्या वाजवा रे!" साहेब म्हणाले.

माझ्यासमोर उभे करून तिचा फोटो काढला. बाईंचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी त्यांचे कोणी कौतुक केले होते! मला मात्र त्या टाळ्या अंगावर खडे पडल्यासारख्या लागल्या. दिव्याकडे पाहिले तर ती हसत होती, पण पुस्तक तिने झटकन मिटून टाकले होते.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी दिव्याला तिसरीची प्रमुख केले. "संघर्ष, तू आता तुझा अभ्यास कर. दिव्या घेईल वाचून." बाहेर जायचे असले की बाई दिवसभराचे काम माझ्या दारावर खडूने लिहीत आणि जाता जाता तोंडीही सांगत. त्यामुळे दिव्याचे निभत होते. तिला वाटे, चाललेय तसे चालेल. बाईंना वाटे, एक तरी वर्ग मार्गी लागला.

त्या दिवशी सकाळीच फोन आला, मतदार यादीचे कागद घेऊन ताबडतोब या. बाई म्हणाल्या, "साहेब, शाळेत मी एकटीच आहे हो." पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, पण बाईंनी पर्स उचलली. मागच्या फाटकाची कडी आदल्या संध्याकाळीच तुटली होती. फाटकाबाहेर गल्ली, आणि गल्लीतून पाण्याचे टँकर कंपनीकडे जात. दिव्या अजून आली नव्हती, खिचडी शिजवणाऱ्या शालनबाई अकराला यायच्या. बाईंनी घाईघाईने माझ्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिले: 'दिव्या, मागच्या फाटकाची कडी तुटली आहे. दोरीने बांधून घे. पहिलीच्या मुलांना तिकडे जाऊ देऊ नकोस.' आणि त्या गेल्या.

दिव्या प्रीतमला पहिलीच्या खोलीत सोडून आली. मुलांनी गलका केला, "काय लिहिलंय गं बाईंनी?"

ती माझ्यासमोर उभी राहिली. वाचू शकला असता तो संघर्ष माझ्या पाठीमागे चौथीत बसला होता, त्याला माझी दारे दिसत नव्हती. मी काय करावे? दार करकरवता आले असते तर करकरवले असते. ती वळली आणि म्हणाली, "धडा म्हणायचाय. म्हणा माझ्यामागून."

मुले सुरात म्हणू लागली. बाहेर टँकर मागे येत होता, त्याचा पिप् पिप् आवाज त्या सुरात बुडून गेला. मग शालनबाईंची किंकाळी आली. त्या नुकत्याच गल्लीत शिरल्या होत्या. "आरं थांब! पोरगं हाय खाली! थांब!"

उघड्या फाटकातून बाहेर गेलेला प्रीतम वाचला. पण त्याच्या उजव्या पायाची बोटे गेली.

पुढचे सगळे ठरल्यासारखे झाले. बाईंना नोटीस आली, मुलांना सोडून तुम्ही कुठे गेला होता? ज्या ऑफिसने बोलावले, त्याच ऑफिसने विचारले. चार-दोन पालकांनी आपली मुले काढून घेतली. बाई आता गुणगुणत नव्हत्या, नीट जेवतही नव्हत्या. माझ्या दारावरचे ते लिहिणे त्यांनी पुसले नाही, कोणाला पुसूही दिले नाही.

एके दिवशी अंबुबाई दाखला न्यायला आली. सोबत दिव्या. ठेकेदाराने काम बंद केले होते, कुटुंब दुसरीकडे निघाले होते. बाईंना राहवले नाही. "दिव्या, मी तुझ्यासाठी लिहून ठेवलं होतं ना गं? मग?"

दिव्या आईच्या मागे सरकली.

"वाच बरं. एकदा वाच माझ्यासमोर."

दिव्याने बोट उचलले आणि ओळीच्या उजव्या टोकावर ठेवले. खणखणीत आवाजात, थांबायचे तिथे थांबत, ती म्हणू लागली, "नदीच्या काठी एक गाव होते. गावातली माणसे फार कष्टाळू होती..."

बाईंनी तिच्या उजव्या टोकावरच्या बोटाकडे पाहिले आणि त्यांना सगळे कळले.

अंबुबाईला काही उमगेना. "कामून, काय झालं बाई? चुकलं का तिचं? सायबांनी तर टाळ्या वाजवल्या व्हत्या."

 बाईंनी दिव्याचा हात धरला, बोट डावीकडे आणले आणि एकेका शब्दावरून सावकाश नेले. त्या वाचत होत्या, दिव्या मागून म्हणत होती. शेवटच्या ओळीशी दिव्या थबकली. तिने विचारले, "बाई, ह्याच्यात आमच्या प्रीतमचं नाव कुठाय?"

"नाव नाही लिहिलं गं. 'पहिलीच्या मुलांना' असं लिहिलंय."

"मला वाचता येत असतं तर मला कळलं असतं का बाई, की तो पन त्याच्यात येतो?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि तोंडाला पदर लावला. अंबुबाईने लेकीला जवळ ओढले. थोड्या वेळाने मायलेकी दाखला घेऊन गेल्या. त्या आता कुठल्या गावी आहेत, तिथल्या शाळेत कोण शिकवते, की तिथेही कोणी नाही, मला माहीत नाही.

मित्रांनो, मला गंज चढला आहे, एक दार लागत नाही. मला नवा रंग द्या असे मी म्हणणार नाही. माझ्या जागी विटांची भिंत बांधा, मला भंगारात घाला, मी हसत जाईन. पण वर्गाला शिक्षक द्या, आणि दिलात तर त्याला वर्गात राहू द्या. आणि एखादे मूल तुमच्यासमोर पुस्तक धडाधड वाचू लागले तर लगेच टाळ्या वाजवू नका. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा आणि प्रेमाने विचारा, हे काय लिहिले आहे? ते गप्प राहिले तर रागावू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्या शब्दापासून शिकवायला लागा.