बहुमत आणि बेसिन

प्रचार ऐन रंगात असताना सलूनवाल्या दोघा भावांचं फाटलं. थोरला एका पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा. एकमेकांच्या पुढाऱ्यांचे बाप काढून झाल्यावर थोरला म्हणाला, "निकाल लागला की मधे लाकडी भिंत घालू. रस्त्याकडची बाजू माझी, मागची तुझी. तुझी गिऱ्हाइकं बोळातल्या दारानं येतील."

धाकटा चटकन "बरं" म्हणाला. इतक्या चटकन का, ते थोरल्याला दुपारी साबणाचे हात धुवायला गेल्यावर कळलं. दुकानात नळ एक, बेसिन एक, आणि दोन्ही मागच्या बाजूला.

पण शब्द मागे घेईल तर तो थोरला कसला? त्यानं मनाशी बेत केला: आपला पक्ष निवडून येईल, धाकट्याचं नाक खाली होईल, तो गयावया करेल, आणि मग आपण मोठ्या मनानं भिंत रद्द करू.

निकालाच्या दिवशी थोरल्याचा पक्ष पहिला आला. एका गालाला फेस लावलेले गणिताचे मास्तर तसेच सोडून तो मागे वळला.

"हरलात की नाही?"

धाकटा हल्ली थोरल्याशी गिऱ्हाइकांमार्फतच बोलायचा. "मास्तर, पुढच्यांना सांगा, हरलो."

मास्तर फेसातून म्हणाले, "पण तुम्ही तरी कुठे जिंकलात? नुसते पहिले आलात. सरकार करायला निम्म्याहून जास्त जागा लागतात. तेवढ्या तुमच्याकडे नाहीत."

"मग कमी पडतात त्या आणायच्या कुठून?"

मास्तरांनी मान न हलवता डोळ्यांनीच धाकट्याची मागची खुर्ची दाखवली.

आठवडा सरला नाही तोच थोरल्याच्या पुढाऱ्यानं धाकट्याच्या पुढाऱ्याला कडकडून मिठी मारली. महिनाभर तो त्याला दरोडेखोर म्हणत होता. टीव्हीवर ती मिठी पुन्हा पुन्हा दाखवत होते. थोरल्यानं रिमोट घेऊन आवाज बंद केला, पण मिठी दिसतच राहिली. वर अर्थखातं धाकट्याच्या पक्षाला.

"मूठभर जागा, आणि तिजोरीच्या किल्ल्या?" तो मास्तरांवर उखडला, जणू खातेवाटप त्यांनीच केलं होतं.

"त्या मूठभरांवाचून तुमचं अडलंय ना," मास्तर म्हणाले. "ज्याचं अडतं त्याला घासाघीस करता येत नाही."

थोरल्यानं बेसिनकडे पाहिलं आणि मग बराच वेळ वस्तऱ्याला धार लावली.

शपथविधीच्या दिवशी सुतार टेप घेऊन हजर झाला. "भिंत कुठून कुठपर्यंत?"

थोरल्यानं घसा साफ केला. "बदललेली परिस्थिती आणि जनतेचा कौल लक्षात घेता..."

"दादा, मुद्द्यावर ये," धाकटा म्हणाला, आणि मधला माणूस न घेता म्हणाला. "पाणी हवंय?"

"हवंय."

"मग रस्त्याकडची खुर्ची माझी."

"अरे, ती पहिल्यापासून माझी आहे!"

"म्हणून तर मागतोय. आणि रिमोट."

"रिमोट कशाला?"

"आघाडीत दोन तरी वजनदार खाती मागायची असतात."

थोरल्यानं आशेनं बाकावर बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"काय ते उरका," सुतार म्हणाला. "आमचा पक्ष विरोधात बसलाय. मला घरी जाऊन संतापायचंय."

थोरल्यानं कंगवे, कात्र्या, वस्तरा गोळा केला आणि सगळं मागच्या आरशापुढे मांडलं. आता भिंत नाही तर नाही, आलाच आहात तर केस तरी कापून घ्या, म्हणून त्यानं सुताराला मागच्या खुर्चीत बसवलं आणि नळ सोडला. पाणी भरपूर होतं.

टीव्हीवर त्याचा पुढारी हात वर करून शपथ घ्यायला उभा राहिला. "मी..." एवढं ऐकू आलं आणि धाकट्यानं चॅनल बदलून कुठलीशी मॅच लावली.

थोरल्याच्या तोंडाशी शब्द आले होते. पण आघाडीला अजून अर्धा तासही झाला नव्हता. त्यानं सुताराची मान खाली दाबली आणि कापायला सुरुवात केली.