शेवंतीची कडियाळी

शेवंतीने मान झटकली तेव्हा फेसाचा शिंतोडा असलमच्या बाहीवर उडाला. फेस पांढरा नव्हता, त्यात गुलाबी तार होती. असलमने दोऱ्या सैल सोडल्या, पुढे जाऊन तिचा ओठ वर केला आणि पाहिलं. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्या मधे थोडी उघडी हिरडी असते. लगामाचं लोखंड, म्हणजे कडियाळी, तिथे बसतं. एवढं मोठं जनावर माणसाच्या ताब्यात राहतं ते तेवढ्याशा जागेवर. शेवंतीची ती जागा उजव्या बाजूला सोलवटली होती.

त्याने लगाम उतरवला, तोंडातली कडियाळी सोडवली आणि पाण्याच्या बादलीत टाकली. दोन तुकडे मधे सांध्याने जोडलेली ही कडियाळी नरम समजली जाते. त्याआधी सरळ दांड्याची झाली होती. तिच्याही आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कोवळ्या शिंगरांना पहिल्यांदा देतात ती. शेवंतीने तिन्ही नाकारल्या होत्या. नाकारण्याची तऱ्हा एकच होती. दोरी हातात घेतली की मान वर, तोंड उघडं, डोळ्यांतलं पांढरं बाहेर.

असलमने मिठाच्या पाण्याने तिचं तोंड धुतलं आणि जखम भरेपर्यंत लगाम बंद ठेवला. रोज तो बोट घालून तिच्या दाढा चाचपायचा. दाढेपुढे एखादा फालतू दात उगवला असेल तर लोखंड त्यावर आपटतं आणि घोडा वेडापिसा होतो. तसा दात नव्हता. जीभ जाड नव्हती, टाळू उतरलेला नव्हता. तोंड बघायला गेलं तर चांगलं होतं. मग त्याने जे अनुमान काढलं ते त्याच्या धंद्यातल्या कुणीही काढलं असतं : घोडी तोंडाची कडक आहे.

धरणगावच्या जिनिंगमागच्या वस्तीत असलमचा तबेला होता. तबेला म्हणजे पत्र्याची शेड, पुढे वाळू टाकलेलं गोल मैदान, आणि पलीकडे दोन खोल्यांचं घर. चाबूकस्वाराचं काम त्याच्या बापानेही केलं होतं. नवा घोडा तासायचा, त्याला माणूस आणि लगाम सहन करायला शिकवायचं आणि तो मालकाच्या हवाली करायचा. या भागात वरातीची घोडी नाचवायची तर काटेरी कडियाळी घालतात. तिच्या दांड्याला आतून टोकदार दाते असतात. दोरी जराशी ताणली तरी घोडी दुखून मान उचलते, पाय आपटते, आणि बँडवाल्यांसमोर लोकांना वाटतं की ती नाचते आहे. असलमने आजवर ती कुठल्याही घोड्याच्या तोंडात घातली नव्हती. त्याची कमाई एवढीच होती. पहूरपासून नरडाण्यापर्यंत घोडे बाळगणारे लोक म्हणायचे, असलमच्या हातचा घोडा सुती दोऱ्यावर चालतो.

शेवंती झुलालआबांची होती. नरडाण्याकडे त्यांची बागायती होती, चार बैलजोड्या होत्या आणि घोड्याचा अनुभव काहीच नव्हता. गेल्या साली सारंगखेड्याच्या बाजारात कुमेद, म्हणजे काळसर तांबड्या रंगाची, अडीच वर्षांची ही घोडी त्यांना आवडली आणि त्यांनी घेतली. मुलाचं, हेमराजचं लग्न मार्गशीर्षात होतं. नवरदेव घरच्या घोडीवर मारुतीच्या पाराला जावा, भाड्याच्या नव्हे, अशी त्यांची हौस. दिवाळी झाल्यावर त्यांनी फोन करून विचारलं. असलमने घोडी अजून तयार नसल्याचं सांगितलं. पुढच्या फोनलाही तेच. तिसऱ्या वेळी आबांनी, रागावून नाही, पण सरळ सांगितलं की पाहुणे पहूरच्या एका माणसाचं नाव सुचवतात, तो पंधरवड्यात घोडी नाचवून देतो.  असलम म्हणाला, घोडीचं तोंड कडक आहे, काटेरी कडियाळी घालावी लागेल. तुम्ही या, तुमच्या डोळ्यांसमोर घालतो.

फोन ठेवल्यावर तो जेवला नाही. त्याच्या बायकोने, हसीनाबीने, त्याचं ताट झाकून ठेवलं. लग्न होऊन आल्यापासून ती या तबेल्यात घोड्यांचं खाणं, पाणी, खरारा बघत होती. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून काटेरी कडियाळी आणली, ती तिने पिशवीत हात घालून पाहिली.

आबा आले त्या सकाळी थंडी चांगलीच होती. थंडीत लोखंड तसंच तोंडात घातलं तर घोडा चमकतो, म्हणून असलम कडियाळी आधी गरम पाण्यात बुडवायचा, मुठीत धरून बघायचा आणि वर गूळ चोळायचा. त्याने सांध्याची कडियाळी पातेल्यातून काढली, मुठीत धरली, आणि गुळासाठी हसीनाबीपुढे केली. तिचं बोट लागलं आणि तिने हात झटक्याने मागे घेतला.

"क्या करते जी? इत्ता गरम लोहा बच्ची के मुँह में देते?"

"गरम कहाँ है," असलम म्हणाला. तरी त्याने ती गार पाण्यात बुडवून घेतली. आबा अंगणात उभे होते. त्यांच्यासमोर बायकोशी वाद घालायची ती वेळ नव्हती.

त्याचा बेत साधा होता. आधी नरम कडियाळीवर घोडी कशी लढते ते आबांना दाखवायचं, म्हणजे काटेरी का लागते हे सांगावं लागणार नाही. शेवंतीला लांब दोऱ्या लावून तो तिच्या मागे उभा राहिला. दोऱ्या उचलल्याबरोबर तिने मान वर फेकली, तोंड उघडलं आणि आडवी वळली. आबांनी चुकचुक केलं. असलमने त्यांना खुंटीवरची काटेरी कडियाळी आणून दाखवली. आबांनी ती हातात घेतली, दात्यांवरून अंगठा फिरवला.

"हाई काय शे? लगाम शे का करवत?"

"आबा, तोंड कडक शे तिनं. दुसरा इलाज नही."

"बैलले येसन पुरस. तुमना घोडाले करवत लागस?"

असलमने कडियाळी परत घेतली. नव्या कडियाळीचा पट्टा ताठ होता, त्याला तेल लावणं भाग होतं. त्याने आबांच्या हातात दोऱ्या दिल्या, घोडी नुसती उभी ठेवायला सांगितलं आणि तेलाची बाटली आणायला शेडमध्ये गेला.

परतला तेव्हा घोडी उभी नव्हती. आबांना ती उभी ठेवता आली नव्हती, म्हणून ते तिच्या मागोमाग चालत सुटले होते. नांगरामागे चालावं तसे, एक खांदा खाली, तोंडाने चालूच : "चाल व माय, चाल." शेवंती गोल मैदानावरून संथ चालत होती. मान खाली, कान सैल. ती कडियाळी चघळत होती आणि तिच्या ओठांना पांढरा, दुधासारखा फेस आला होता. घोड्याने लगाम मानल्याची ती खूण, चाबूकस्वार महिनोन् महिने त्या फेसाची वाट बघतो.

असलम बाटली घेऊन उभाच राहिला. त्याला आधी वाटलं, घोडी दमली. त्याने दोऱ्या परत मागून घेतल्या. मान लगेच वर गेली. त्याने दोऱ्या आबांकडे दिल्या. दोन पावलांत मान खाली.

आबा खूश झाले. त्यांना वाटलं, गंमत दाखवतायत.

"वा भाऊ. कितलं नरम करी ठेवं तुम्ही इनं तोंड."

असलमने शेवंतीला खुंट्याला बांधलं आणि लगाम उतरवला. घोडं चालवायला शिकणाऱ्याला तो एक पाठ पहिल्या दिवशी द्यायचा. स्वतः कडियाळी दोन्ही मुठींत धरून उभा राहायचा, जणू त्याच्या मुठी म्हणजे घोड्याचं तोंड, आणि शिकणाऱ्याच्या हातात दोऱ्या द्यायचा. हात किती जड पडतो ते शिकणाऱ्याला सांगायचा. आज त्याने कडियाळी आबांच्या मुठींत दिली आणि दोऱ्यांची टोकं स्वतः धरून मागे सरकला. किती ओढ लागते ते फक्त सांगायचं, एवढंच तो म्हणाला. मग त्याने दोरी उचलली. ताण नाही, नुसती चाहूल. त्याच्या बोटांना तरी तेवढंच वाटलं.

आबा दोन पावलं ओढले गेले. त्यांची टोपी पडली.

"भाऊ, मले कोठे लई चालना? मी काय घोडी शे?"

"खरं सांगा आबा. कितलं खेचं मी?"

आबा हसत टोपी झटकत होते. असलमचा चेहरा पाहिल्यावर त्यांनी हसणं आवरलं आणि विचार करून सांगितलं.

"भरेल गाडी थांबाडाले खेचतस, तितलं."

असलमने पुन्हा केलं, यावेळी अगदी न ओढता. आबांच्या मुठी पुन्हा त्याच्याकडे आल्या. मग त्याने कडियाळी स्वतःकडे घेतली आणि आबांना दोऱ्या उचलायला लावल्या. आबांनी उचलल्या. असलम वाट बघत राहिला. आबा म्हणाले, मघाशी घोडीला धरलं होतं तेवढंच धरलंय. असलमच्या मुठींना काहीच कळलं नव्हतं. दोरी ताठ झालेली त्याला डोळ्यांनी दिसत होती.

तालुक्याच्या डॉक्टरने त्याला साखरेच्या दुखण्यात पावलं बधिर होतात म्हणून ती जपायला सांगितली होती. तो रोज रात्री पावलं बघायचा. हातांचं कुणी बोललं नव्हतं.

त्या घटकेला गप्प राहणं सोपं होतं. आबांना काही कळलेलं नव्हतं. घोडी तयार आहे, नरम कडियाळीवर चालते, असं म्हणून पाठ थोपटून घेता आली असती. किंवा काटेरी कडियाळी घालून पंधरवड्यात नाचती घोडी देता आली असती, आणि दोष घोडीच्या तोंडाला गेला असता. असलम गुडघ्यांवर हात ठेवून वाळूवर बसला.

"तोंड चांगलं शे तिनं आबा," तो म्हणाला. "मना हात बिघडना."

 आबाही शेजारी बसले. त्यांनी विचारलं, औषध आहे का. असलमने, माहीत नाही म्हणून सांगितलं. घोडी आजच घेऊन जा, असंही सांगितलं. आबांना ते पटेना. लग्नापर्यंत तरी राहू द्या, मी बैलवाला माणूस, मी काय शिकवणार, असं ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले.

"मंग बैलवालाच ऱ्हा आबा. आते चालाडी तशीच घर चालाडा. दोरी मुठमा नही, बोटमा धरा. आनि हेमराजले सांगा, वरातमा नाच नही मिळाव. घोडी नुसती चालई."

"लोके हसतीन."

"हसू द्या."

आबा रस्त्यावर टेम्पोवाल्याला बोलवायला गेले. हसीनाबी शेडच्या कोपऱ्यावरून सगळं बघत होती. ती आली, असलमचा उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्या बोटाच्या टोकाला नख रुतवलं.

"लगा?"

"नहीं."

तिने दुसरं बोट धरलं. मग तिसरं. तळहातावर, सकाळी मुठीत लोखंड धरलं होतं तिथे, चामडी लाल होऊन फुगली होती.

"कब से?"

असलम शेवंतीकडे बघत होता. या हिवाळ्यातल्या किती सकाळी त्याने मुठीवर विश्वास ठेवून तिच्या तोंडात कडियाळी घातली होती, हे त्याच्या डोक्यात चाललं होतं.  हसीनाबी उठून हळद आणायला गेली.

टेम्पो कापसाचा होता. फाळक्याच्या भेगांत बोंडांतले धागे अडकले होते. ड्रायव्हरने मागचा फाळका उतरवून त्यावर माती पसरली. आबांनी शेवंतीला नुसत्या मोहरकीवर, तोंडात लोखंड न घालता डोक्याला बांधलेल्या दोरावर आणलं. नरम कडियाळी धुऊन, फडक्यात गुंडाळून त्यांच्या पिशवीत गेली होती. फाळक्यापाशी येऊन शेवंती थबकली. तिने पुढचे पाय रोवले आणि मान वळवून मागे पाहिलं. आबांनी दोर ओढला नाही. त्यांनीही वळून पाहिलं. ड्रायव्हरने पाहिलं. जिनिंगच्या फाटकात उभे असलेले दोघे हमालही बघू लागले. तबेल्यातून निघणारं कुठलंही जनावर आजवर असलमनेच गाडीत चढवलं होतं, आणि आबांच्या हातातला दोर आपोआप त्याच्या दिशेने पुढे झाला.

असलमने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं. मग जागेवरूनच त्याने जिभेने टाळूवर हलकासा आवाज केला. शेवंतीचा एक कान त्याच्याकडे वळला. ती थोडी थांबली, आणि एकेक पाय ठेवत टेम्पोत चढली.